रस माझा, चोथा तिचा

माझ्या मुलीला संध्याकाळच्या अंधुक उजेडात नीट दिसत नाही, हे घरात सगळ्यांत आधी कळलं ते माझ्या जावेला. मला नाही. याचा राग मला त्या दिवशी आला होता आणि आज लिहितानाही येतो आहे.

मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी पोचले तेव्हा वीज गेलेली होती. नव्वदीच्या त्या वर्षांत बंगळूरला संध्याकाळी वीज जाणं ठरलेलंच असायचं. जाऊ पुढच्या दारात मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मुलीच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं.

"भिंतीला जाऊन आपटली गं," ती म्हणाली. "मी चार दिवस बघतीये. दिवा गेला की पुट्टीला नीट दिसत नाही. हात पुढं धरून चालते बघ."

"लहान आहे, अक्का. अंधारात सगळेच धडपडतात," मी म्हटलं.

"कुठला अंधार? मला सगळं दिसत होतं."

मी हात पुढे केले तशी मुलगी माझ्याकडे आली, पण जावेच्या पदराचं टोक मुठीत धरूनच. ते टोक मी सोडवून घेतलं. जरा जोरातच सोडवलं असावं, कारण मुलगी रडायला लागली, आणि जाऊ आत मेणबत्ती शोधायला गेली.

आमचं घर चामराजपेठेत. माझ्या सासरचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी सैन्याबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत इतकं कन्नड कालवलेलं की पुण्याहून लग्न करून आलेली मी पहिलं वर्षभर नुसती हसून वेळ मारून नेत असे. थोरल्या जावेला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हणायला लागले. तिला मूल नव्हतं. सासूबाई गेल्यापासून स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं आणि मी नोकरीवर जायला लागल्यापासून माझी मुलगीही. मुलीला ती पुट्टी म्हणे, म्हणजे छोटी, आणि मुलीनं तिला पहिल्यांदा हाक मारली ती दोड्डम्मा अशी. दोड्डम्मा म्हणजे मोठी आई. तिकडे काकूला असंच म्हणतात. रिवाज आहे, त्यात कुणाचा दोष नाही. तरी मी आई आणि ती मोठी आई, हे मला रोज टोचायचं.

डॉक्टरीणबाईंनी मुलीचे डोळे बघितले, पापण्या ताणून पांढऱ्या भागावरचा कोरडेपणा मला दाखवला आणि गोवर कधी आला होता ते विचारलं. उन्हाळ्यात आला होता, आणि त्यानंतर पोरीनं जेवण जवळजवळ सोडलंच होतं. "अ जीवनसत्त्व कमी पडलंय," त्या म्हणाल्या. त्यांनी तेलकट औषधाचा डोस तिथल्या तिथे पाजला. यानं आत्ताचं निभावेल, पुढचं सगळं जेवणातून यायला हवं, असं बजावून त्यांनी काही महिन्यांनी परत बोलावलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मी पगार कशाचा घेत होते? बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात आम्ही कोंबड्यांच्या खाद्यात घालायची जीवनसत्त्वं बनवत होतो, आणि त्यातलं अ जीवनसत्त्व मोजणं हे माझं काम होतं. होसूर रोडच्या आसपासच्या पोल्ट्र्यांमधल्या कोंबड्यांचे डोळे मी सांभाळत होते आणि माझीच पोर भिंतीवर आपटत होती.

कारखान्यात नव्यानं लागणाऱ्या मुलींना मीच शिकवायचे. कुठलं जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि कुठलं तेलात, हे पाठ करू नका, त्याचं कारण समजून घ्या, असं मी त्यांना सांगायचे. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. साखरेच्या किंवा क जीवनसत्त्वाच्या अंगावर पाण्याला धरता येतील अशा पुष्कळ जागा असतात, म्हणून पाणी त्यांना आपल्यात घेतं. अ जीवनसत्त्वाचं जवळजवळ सगळं अंग म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनचा सांगाडा. त्याला पाण्यानं धरावं कुठे? प्रथिनांची तऱ्हा वेगळी. एकाच साखळीत पाण्याची ओढ असलेले तुकडे असतात आणि पाणी टाळणारेही असतात. साखळी अशी घडी घालून बसते की पाणी टाळणारे बहुतेक आत दडतात आणि ओढ असलेले बाहेर येतात, म्हणून कच्च्या अंड्यातला पांढरा भाग पाण्यात मिसळतो. अंडं उकडलं की घडी मोडते, आत दडलेलं उघडं पडतं, साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि मग त्याला पाण्यात मिसळवून दाखवा बघू.

एक गोष्ट मी हटकून सांगायचे. पाणी तेलाला ढकलून देतं असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. पाण्याचे कण आपापसातली पकड सोडायला तयार नसतात एवढंच, आणि तेल आपोआप बाहेर राहतं. हे सांगताना मला दरवेळी सासरचं घर आठवायचं. तिथे मला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. पण जाऊ, नवरा, भावजी आणि आता माझी मुलगीही त्यांच्या त्या कालवलेल्या भाषेत हसायला लागली की मी ताट घेऊन नुसती बसून राहायचे.

डॉक्टरांकडून आल्यावर मी ठरवलं, मुलीचे डोळे मी बरे करणार. माझ्या हातानं, कामावर जायच्या आधी. रोज सकाळी बस यायच्या आत मी गाजरं किसायचे, किस मलमलच्या फडक्यात बांधून पिळायचे आणि तो केशरी रस दोन थेंब लिंबू घालून मुलीला पाजायचे. तेव्हा सगळ्या मासिकांतून रसाचं फार कौतुक चालायचं. उरलेला चोथा मी वाडग्यात काढून ओट्यावर ठेवायचे. दारावर गाय यायची, तिला जावेनं तो घालावा असं मी सांगून ठेवलं होतं. आणि मुलीला सतत खोकला असायचा, म्हणून तिचं तेल-तूप बंद. ही माझ्या माहेरची शिस्त. खोकला म्हटला की आमच्या आईचा तुपाचा डबा वरच्या फळीवर जायचा आणि खोकला पुरता थांबेपर्यंत खाली यायचा नाही. मी जावेलाही तसं स्पष्ट बजावलं. "सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई तेलात विरघळणारं जीवनसत्त्व फडक्यातून गाळून देते आणि वर तूप बंद करते, हे वाचताना कुणालाही हसू येईल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कारखान्यातलं डोकं मी कारखान्यातच ठेवून यायचे. स्वयंपाकघरात शिरले की मी आईची मुलगी असायचे.

मुलगी सुधारायला लागली. आधी गालांवर थोडा रंग आला, मग दंड भरले. वीज गेली तरी ती हात पुढे न धरता न्हाणीघरापर्यंत जायला लागली. मला आभाळ ठेंगणं झालं. पण रविवारी मी घरी असायचे आणि दुपारी जे बघायचे त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्यासमोर तोंड मिटून बसणारी ही पोर जावेपुढे मात्र आ करून बसायची. जाऊ पुढच्या कट्ट्यावर मांडी घालून भाताचे छोटे छोटे गोळे करायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याची काहीतरी खोटी गोष्ट रचून सांगायची. "आता साकु," म्हणजे पुरे, म्हणून पोर मान फिरवायची आणि पुन्हा तोंड उघडायची. एका रविवारी मी म्हटलं, "आण, आज मी भरवते." मुलीनं माझ्या हातचा घास गालात धरून ठेवला. गिळला नाही. जावेनं हळूच पाठीवर हात फिरवला तेव्हा गिळला.

त्या बाईचं मला काय काय खुपायचं! तिचे मऊ हात खुपायचे, तिच्याकडे असलेली अख्खी दुपार खुपायची. मुलगी झोपेत कूस बदलून तिच्याकडे वळायची तेही खुपायचं. जळत होते मी, दुसरा शब्द नाही.

अशात भावजींचं, म्हणजे जावेच्या नवऱ्याचं, मारतहळ्ळीचं घर बांधून झालं. आज तिकडे ऑफिसांची आणि फ्लॅटची गर्दी आहे. तेव्हा शेतं होती, तळं होतं, आणि मधूनच एखादं नवं कोरं घर. भावजींचा कारखाना त्या बाजूला, म्हणून त्यांनी प्लॉट घेतलेला, आणि आता ते दोघं तिकडे राहायला जाणार होते. एका रात्री जेवणं झाल्यावर भावजींनी माझ्या नवऱ्यापाशी विषय काढला. मुलीची शाळा आता सुरू होणार. त्यांच्या नव्या घराजवळ चांगली शाळा निघाली आहे. मुलगी त्यांच्याकडे राहील, शनिवार-रविवार आमच्याकडे येईल.

जाऊ भिंतीकडे तोंड करून भांडी लावत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला होता.

खोलीत आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "मी मुलगी देणार नाही."

"देणार नाही म्हणजे? कुणी दत्तक मागतंय का? तू सकाळी जातेस ती अंधार पडल्यावर येतेस. वहिनी गेल्यावर हिला दिवसभर कोण बघणार? आणि पोर वहिनीच्या हाताखाली कशी सुधारलीय, तूच बघ."

"माझ्या रसानं सुधारलीय."

"बरं बाई, रसानं," तो म्हणाला. "डॉक्टरांना एकदा दाखवू. त्या काय म्हणतात ते बघू आणि मग ठरवू."

म्हणजे माझ्या पोरीचा निवाडा आता डॉक्टरीणबाईंच्या खोलीत होणार होता, आणि मला पुरावा हवा होता. जाऊ भाजी उकडून तिचं पाणी वेगळं काढते, हे मी रोज बघत होते. तिकडची रीतच ती: पालेभाजी डाळीबरोबर उकडायची, पाणी काढून त्याचं सार करायचं आणि खाली राहिलेल्या भाजीला फोडणी, खोबरं घालून पल्या करायचा. सार मोठ्यांच्या भातावर जायचं आणि मुलीसाठी पल्या झाकून ठेवलेला असायचा. तिच्या उकडलेल्या भाजीत काही शिल्लक राहत नाही, जे आहे ते माझ्या रसात आहे, हे मला आकड्यांत दाखवायचं होतं. म्हणून एके दिवशी जाताना मी एका डबीत माझा रस घेतला आणि दुसऱ्या डबीत मुलीसाठी झाकलेल्या वाडग्यातला आदल्या दिवशीचा पल्या. घाईत नीट बघितलंही नाही.

प्रयोगशाळेत दुसरी डबी उघडली आणि मी बघतच राहिले. पालेभाजी नव्हतीच ती. गाजर होतं. किसलेलं, परतलेलं, खोबरं घातलेलं, आणि डबीच्या कडेला थिजलेल्या तुपाची पांढरी रेघ. किस ओळखायला मला वेळ लागला नाही. आमच्या किसणीची एक बाजू बोथट झाली होती, त्यामुळे किस अर्धा लांब आणि अर्धा चुरा पडायचा. गाईला जायचा तो माझा चोथा जाऊ रोज तुपात परतून माझ्याच मुलीला घालत होती.

तरी मी चाचणी केली. दोन्हींचा सारखा भाग घेतला, आधी स्पिरिटमध्ये घोटला, मग हेक्झेन घालून खाली तोटी असलेल्या काचेच्या बंद नरसाळ्यात हलवून ठेवला. हेक्झेन म्हणजे पेट्रोलच्या जातीचं द्रव. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि तेलाच्या जातीचं जे असेल ते आपल्यात ओढून घेतं. माझ्या रसाचा वरचा थर फिकट पिवळा झाला. पल्याचा झाला गडद केशरी. गाजराचा तो रंग म्हणजेच कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. आणि पाण्यात न विरघळणारा तो रंग फडक्यातून खाली न येता बहुतेक चोथ्यातच राहिला होता. जो थोडा रसात उतरला तोही स्निग्ध काही पोटात नसताना नीट अंगी लागत नाही. एकट्या गाजरानं मुलगी बरी झाली असं कुठलाही केमिस्ट म्हणणार नाही. औषधाच्या डोसाचा वाटा मोठा होता. पण पुढचं जे जेवणातून यायचं होतं ते कुठल्या वाडग्यातून आलं, हे माझ्यासमोर नरसाळ्यात उभं होतं. माझ्या हाताखाली शिकणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कुठल्या कंपनीचं सँपल आहे? किती छान आलंय!" मी तिला कामाला पिटाळलं.

डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि जावेला घेतल्याशिवाय मुलगी रिक्षात चढायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, वजन केलं आणि अगदी मनापासून हसल्या. "फारच छान," त्या कन्नडमधून म्हणाल्या. "काय काय देता हिला?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ बोलली. "हिच्या आईचा रस, डॉक्टर. रोज सकाळी स्वतः गाजर किसून काढते, मग कामाला जाते. एक दिवस चुकवत नाही."

तुपाबद्दल ती बोलली नाही. चोथ्याबद्दलही नाही. मी बंदी घातलेली असताना तिनं ते घातलं होतं, म्हणून ती ते लपवत असावी. आणि रसानंच सगळं केलं यावर तिचा भाबडा विश्वासही असावा. काही का असेना, मला जे हवं होतं ते तिनं स्वतःच्या तोंडानं डॉक्टरांपुढे देऊन टाकलं होतं. मी नुसती गप्प बसले असते तरी मुलगी माझी होती.

आणि मला ते सोसलं नाही. इतके महिने जिच्यावर मी जळत होते ती बाई माझ्या ओंजळीत काहीतरी टाकणार आणि मी ते घेणार? माझं डोकंच फिरलं.

"रसात काही नव्हतं," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा चढलेला होता. "मी तपासलंय. रंग सगळा चोथ्यात राहतो आणि तो तुपाशिवाय अंगी लागत नाही. अक्कांनी चोथा तुपात परतून घातला. मी नको म्हणत असताना. जे केलं ते ह्यांनी केलं."

जावेचा चेहरा पडला. चोरी पकडली गेल्यासारखी ती पायांकडे बघायला लागली. डॉक्टरीणबाई मात्र हसून म्हणाल्या, "मग अडलंय कुठे? कुणीही परता, कुणीही घाला. तूप तेवढं घालत जा, म्हणजे झालं."

परतीच्या रिक्षात मुलगी आम्हा दोघींच्या मध्ये बसली होती. वळण आलं तशी ती जावेच्या मांडीवर कलंडली आणि झोपून गेली. मी बाहेर बघत होते. सांगून टाकलं याचा मला पश्चात्ताप होत नव्हता. आता नवऱ्याला काय सांगणार, भावजी काय म्हणणार, मारतहळ्ळीच्या त्या शाळेचा गणवेश कसला असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"तपासलंस म्हणजे कसं तपासलंस?" जावेनं विचारलं.

मी सांगितलं. हेक्झेन, नरसाळं, पिवळा थर, केशरी थर. ती शाळेतल्या मुलीसारखी लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे तूप घातलं की झालं," ती म्हणाली.

"हो."

"कुणी पण घातलं तरी?"

"हो अक्का. कुणीही."

ती मुलीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "मला वाटायचं, माझ्या हातचं तिला लागतंय," ती म्हणाली. "म्हणून तर ह्यांच्या मागं लागले मी, पुट्टीला आपल्याकडं ठेवून घेऊ म्हणून. माझ्याशिवाय पोर परत सुकेल असं वाटायचं मला. मग ते तुपाचं होतं तर." एवढं बोलून ती थोडी हसली.

काही बोलावंसं मला वाटलं. ते केवळ तुपाचं नव्हतं हे मला ठाऊक होतं. माझ्या हातचा घास पोर गिळत नव्हती, हेक्झेनमध्ये हलवून त्याचं काही उत्तर मिळालं नसतं. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते बोलले असते तर मुलगी गेली असती. मी बोलले नाही.

रिक्षा घरापाशी थांबली. जाऊ मुलीला घेऊन उतरली आणि मी पैसे देईपर्यंत थांबली. मग मुलीचं झोपेनं सैल पडलेलं अंग दोन्ही हातांवर घेऊन ती माझ्यासमोर आली.

"तिची शाळा इथंच बघा," ती म्हणाली. "घे, धर. नीट धर. जड झालीये."

मी धरलं. खरंच जड झाली होती.